आधी विडा, मग शाई

फार पूर्वीची गोष्ट. सांगताना आजही डोकं तापतं, तेव्हा मध्येच कुठे आवाज चढला तर ऐकणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

एका नदीकाठी रंगाऱ्यांचं गाव होतं. गावात चाळीस घरं, आणि चाळीसही घरांत कापड लाल रंगवायचं काम. मंजिष्ठ, हिरडा आणि तुरटी यांतून ते जो लाल काढत, तो लुगड्याचं फडकं झालं तरी उतरत नसे. चाळीस घरांची मिळून एकच मंडळी होती. माल एकत्र, विक्री एकत्र, आणि प्रत्येक लुगड्याच्या टोकाला एकच छाप: चोच उघडलेला खंड्या पक्षी. दूरदूरच्या बाजारांत बायका रंग पारखत बसत नसत. टोक उलटून खंड्या बघायचा आणि लुगडं काखेत मारायचं, एवढंच. त्या पक्ष्यावर चाळीस घरांच्या चुली पेटत होत्या.

या मंडळीची एक करारनवीस होती. नाव सगुणा, पण सगळं गाव तिला आक्का म्हणे. मंडळीचे करार वाचायचे, लिहायचे, आणि पटले तर त्यावर शिक्का उठवायचा, हे तिचं काम. तिच्या शिक्क्यावाचून मंडळीचा कुठलाच करार पक्का होत नसे. हे काम तिला बापानं शिकवलं होतं. तो सांगायचा, करार लिहिणाऱ्याला लग्नाच्या मांडवात बसून भांडणाचा विचार करता आला पाहिजे. आक्काला तो फार चांगला करता येई. समोरचा माणूस गोड बोलायला लागला की हिच्या डोक्यात प्रश्न उभे राहत. याचं मन फिरलं तर? माल वाईट निघाला तर? हा गेला आणि याचा मुलगा नालायक निघाला तर?

आणि नेमके हेच प्रश्न मंडळीला नको होते. गावची रीतच होती: आधी विडा, मग शाई. सौदा ठरला की ग्रामदेवीसमोर पाहुण्याच्या हातात पानाचा विडा द्यायचा. एकदा विडा दिला की सौद्यात खोट काढणं म्हणजे पाहुण्याचा अपमान आणि देवीचाही. करारनवीसाला बोलावणं जायचं ते विडा झाल्यावर. का, तर शुभ कामाच्या आधी वाईट शब्द नकोत. पाळण्यात नाव ठेवायच्या आधी तेराव्याची यादी कशाला करायची, असं मंडळीचे मुकादम धोंडशेट हसत हसत म्हणत, आणि बाकीचे माना डोलावत.

आता यात काय शहाणपण आहे, ते त्या माना डोलावणाऱ्यांनाच ठाऊक. ज्या बाईला खड्डा दिसतो, तिला गाडी खड्ड्यात गेल्यावर बोलवायचं. वर तिच्याकडे बघून नाक मुरडायचं. लाकूडवाल्याशी करार केला तेव्हा असंच झालं. लाकडं ओली आली तर नुकसान कोणी सोसायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लाकडं ओलीच आली. भट्ट्या धुरानं भरल्या, तीन आठवडे रंग शिजला नाही. आक्कानं दोन महिने चपला झिजवल्या, लाकूडवाल्याच्या गावी खेटे घातले, आणि मंडळीला कसंबसं त्यातून सोडवलं. त्यावर गावात काय बोलणं झालं? आक्का मध्ये पडल्या की भांडण होतंच, असं. वैद्य घरात आला म्हणून ताप आला, असं म्हणण्यासारखंच झालं ते. आक्कानं ते ऐकलं आणि गिळलं. पण गिळलेला राग पोटात जिरत नाही, साचत राहतो.

पुढे एक व्यापारी गावात यायला लागला. मोठ्या शहरातला, रेशमी पगडीचा, बोलायला मधाळ. त्याचं म्हणणं असं की गावानं बाजारोबाजार फिरायची दगदग सोडावी, सगळा माल त्यालाच द्यावा. खंड्याचा ठसाही त्याच्याच गोदामात ठेवावा, तिथे माणसं छाप मारतील आणि रंगाऱ्यांचे तेवढे कष्ट वाचतील. धोंडशेट हरखले. माणूस वाईट नव्हता हा धोंडशेट, हे सांगितलं पाहिजे. चाळीस घरांसाठी पायाला भिंगरी लावून फिरायचा. पण कोणी कौतुक केलं की त्याचं भान सुटायचं, आणि व्यापारी तर त्याच्या रंगाचं, गावाचं, हातच्या पानाचंसुद्धा कौतुक करी. बोलणी आठ महिने चालली. आठ महिने! आणि त्या आठ महिन्यांत मंडळीच्या करारनवीसाला कोणी एका शब्दानं विचारलं नाही.

आक्काला ही बातमी पहिल्याच महिन्यात भाजीवालीकडून कळली. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तशीच उठून ती धोंडशेटच्या भट्टीवर गेली आणि मसुदा दाखवा म्हणाली. धोंडशेट कढईत काठी फिरवत होते. वेळ आली की बोलावू, शिक्का तर तुमचाच लागणार आहे, असं म्हणून त्यांनी तिला बसायला पाट दिला. आक्का बसली नाही. महिन्याभरानं ती पुन्हा गेली. या वेळी व्यापारी तिथेच होता, तेव्हा धोंडशेटनी तिला दारातूनच हातानं नंतर या म्हणून खुणावलं. अंगणातल्या कोंबड्या हाकलाव्यात तसा तो हात हलला. आक्का घरी आली आणि तिनं ठरवलं की आता बोलावतील तेव्हाच जायचं, तोवर त्यांच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही.

विड्याच्या दिवशी भर दुपारी बोलावणं आलं. देवळासमोर मांडव होता, चाळीस घरं जमली होती, पंक्तीची पानं मांडून झाली होती, आणि पुरणाचा वास सुटला होता. विडा सकाळीच देऊन झाला होता. गुरुजी म्हणाले, मुहूर्ताची थोडीच वेळ उरली आहे. धोंडशेटनी आक्कासमोर करार ठेवला आणि एकदा नुसती नजर टाकून शिक्का उठवा, मंडळी खोळंबली आहेत, असं सांगितलं.

आक्कानं नजर टाकली नाही, ती वाचायला बसली. लोक चुळबुळायला लागले. तिसऱ्या पानावर तिचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं की खंड्याची छाप वापरायचा हक्क यापुढे व्यापाऱ्याचा राहील, आणि मंडळी ती छाप त्याच्या परवानगीशिवाय कुठेही वापरणार नाही. कोणत्या कापडावर मारायची, त्याचा उल्लेख नव्हता. किती वर्षं, तेही नव्हतं. त्यानं माल घेणं थांबवलं तर छाप परत कशी मिळायची, याबद्दल अवाक्षर नव्हतं. माल घ्यायचा शब्द तेवढा होता, तोही एका वर्षापुरता. पुढे 'गरजेप्रमाणे'.

तिनं धोंडशेटना जवळ बोलावलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "शेट, ही छाप तुम्ही देऊन टाकताय. उद्या यानं दुसऱ्या कुणाच्या कापडावर खंड्या मारला, तर आपल्याला बोलता यायचं नाही. दोन ओळी घालू द्या. छाप फक्त या चाळीस घरांच्या कापडावर, आणि माल घेणं थांबलं की ठसा परत. एवढंच."

"आक्का, विडा झालाय."

"विडा झालाय हे दिसतंय मला. आठ महिने कुठे होतात?"

धोंडशेटनी व्यापाऱ्याकडे पाहिलं. व्यापारी छानसा हसला आणि सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला, की आमच्या शब्दावर विश्वास नसेल तर राहू द्या, आम्ही दुसऱ्या गावी जाऊ. झालं. मांडवात कुजबुज सुरू झाली. आली विघ्न घालायला, असं एकजण म्हणाला. पाहुण्यासमोर शोभतं का हे, असं एक म्हातारी म्हणाली. गुरुजींनी घसा खाकरून वेळ संपत आल्याची आठवण करून दिली. आणि धोंडशेट, ज्यांना आक्कानं लाकूडवाल्याच्या कचाट्यातून सोडवलं होतं तेच धोंडशेट, तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "तुमचं काम शिक्क्याचं आहे. तेवढं करा."

आता इथे नीट ऐका, कारण गोष्ट इथेच फिरते. आक्काच्या हातात शिक्का होता. तो ती खाली ठेवू शकत होती. गाव बोललं असतं, शिव्याशाप दिले असते, पंक्ती उठल्या असत्या, व्यापारी निघून गेला असता. पण छाप राहिली असती. हे तिला त्या क्षणी लख्ख कळत होतं. पण तिच्या डोक्यात दुसरंच काही उकळत होतं. लाकडांची आठवण उकळत होती, कोंबड्यांसारखा हाकलणारा तो हात उकळत होता. तिला वाटलं, यांना शिक्काच हवा ना? मग घ्या शिक्का, आणि भोगा आपल्या कर्माची फळं. तिनं शाईत शिक्का बुडवला आणि कागदावर असा दाबला की खालचा पाट हलला. मग न जेवता ती घरी निघून गेली. मांडवात टाळ्या वाजल्या.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. व्यापाऱ्याच्या गाड्या येत, माल भरून नेत. कोणी रस्त्यात भेटलं की मुद्दाम आक्काला ऐकवी, बघा, काही झालं का? खरं सांगायचं तर आक्का वाट बघत होती. वाईट व्हावं असं तिला वाटत नव्हतं, पण आपलं खरं ठरावं असं मात्र रोज वाटत होतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत अशी ती स्वतःची समजूत घालत होती.

दुसऱ्या वर्षी गाड्या निम्म्या झाल्या. तिसऱ्या वर्षी एकही आली नाही. गरज नाही, असा निरोप आला. चाळीस घरांत लुगड्यांचे ढीग पडून राहिले. धोंडशेट काही लुगडी बैलगाडीत घालून जवळच्या बाजारात गेले, नव्या ठशानं त्यावर खंड्या मारला आणि विकायला बसले. तासाभरात व्यापाऱ्याची माणसं कराराची नक्कल घेऊन हजर झाली. सगळा माल जप्त झाला. त्याच बाजारात चार दुकानं पलीकडे खंड्याची छाप मारलेली लुगडी टांगली होती. कुठल्यातरी भलत्याच गावचं कापड, कच्च्या रंगाचं, बोट लावलं तरी बोट लाल होईल असं. त्याच्यावर चोच उघडलेला आपला खंड्या.

मंडळी न्यायाधीशाकडे गेली. या वेळी आक्काला मात्र सगळ्यात आधी बोलावणं आलं. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! धोंडशेट हात जोडून तिच्या दारात उभे राहिले. आक्कानं त्यांना बाहेर उभंच ठेवलं, आणि जे तीन वर्षं साठवलं होतं ते सगळं बोलून घेतलं. शेजारीपाजारी ऐकत होते. ऐकू दे, असंच तिला वाटत होतं. बोलून झाल्यावर ती कागद घेऊन निघाली.

न्यायसभेत तिनं जीव तोडून बाजू मांडली. मंडळीला छाप द्यायची नव्हती, ठसा केवळ सोयीसाठी दिला होता, व्यापाऱ्यानं भोळेपणाचा फायदा घेतला. न्यायाधीश शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी करार उचलला.

"अक्षर स्वच्छ आहे. अर्थ एकच निघतो. हा शिक्का तुमचाच ना?"

"माझाच."

"शिक्का उठवताना ही ओळ तुम्हाला दिसली होती?"

नाही म्हणता आलं असतं, पण बापानं तिला ते शिकवलं नव्हतं. "दिसली होती," ती म्हणाली. "पण मला विडा झाल्यावर बोलावलं. आठ महिने कोणी विचारलं नाही."

"बोलावलं कधी, हे मी विचारत नाही," न्यायाधीश म्हणाले. "त्याचा जाब तुम्ही त्यांना विचारा. दिसूनही शिक्का का उठवला, हे मी विचारतोय."

रागानं उठवला, हे उत्तर न्यायसभेत सांगण्यासारखं नव्हतं. न्यायाधीशांनी निकाल दिला की छाप व्यापाऱ्याची. मंडळीनं ती वापरायची नाही, आणि हे कापड पूर्वी त्या छापेचं होतं असंही कुठल्या बाजारात म्हणायचं नाही, कारण तेही छाप वापरल्यासारखंच होईल.

परत येताना आक्काला धोंडशेटचा राग येत होता, माना डोलावणाऱ्यांचा येत होता, त्या मधाळ पगडीवाल्याचा तर येतच होता. पण आता त्या सगळ्यांच्या वर एक राग चढून बसला होता, आणि तो स्वतःचा होता. आठ महिने तिला ठाऊक होतं. दोनदा गेली आणि रुसून घरी बसली. धोंडशेटनी ऐकलं नाही, तर उरलेली एकोणचाळीस दारं होती, ती तिनं एकदाही ठोठावली नाहीत. उद्याचा विचार करणारी बाई म्हणून मिरवत होती, आणि स्वतःचा उद्या मात्र बोलावण्याची वाट बघण्यात घालवला. आणि शेवटी हातात होतं तेही, मानासाठी, एका दणक्यात देऊन आली.

गावानं रीत बदलली, हे खरं. धोंडशेटनी देवीसमोर कबूल केलं की यापुढे सौद्याचं पहिलं बोलणं करारनवीसाला पाटावर बसवूनच होईल, आणि वाईटातले वाईट प्रश्न विचारून झाल्याशिवाय विडा बांधला जाणार नाही. आक्कानंही शब्द दिला की कोणी बोलावो न बोलावो, सौद्याची कुणकुण लागली की ती स्वतः जाऊन बसेल, आणि हाकललं तरी उठणार नाही. पुढचे करार चांगले झाले. लाकूड सुकं येऊ लागलं, तुरटी वेळेवर येऊ लागली. पण हे सगळं येतच राहिलं, तरी गेलेला पक्षी काही परत येणार नव्हता.

मंडळीनं नवी छाप काढली. आंब्याचं पान. ते कोणी ओळखत नव्हतं.

त्या वर्षी जत्रेच्या बाजारात धोंडशेट आणि आक्का माल घेऊन बसले होते. एक म्हातारी आली. तिनं एक लुगडं उचललं, टोक तोंडातल्या थुंकीनं ओलं केलं आणि बोटांनी खसाखसा चोळलं. रंग तसूभर हलला नाही. म्हातारीचा चेहरा खुलला.

"रंग पक्का आहे हो," ती म्हणाली. मग तिनं टोक उलटून पाहिलं. "पण खंड्या कुठाय?"

धोंडशेट लुगड्यांच्या घड्या सारख्या करायला लागले.

"खंड्या नाही आजी," आक्का म्हणाली. "पान आहे."

"मग नको ग बाई. माझी आई खंड्याचंच नेसायची, मी पण तेच नेसते. नातीचं लग्न आहे, उगीच भलतंसलतं नको." आणि तिनं लुगडं घडी करून, अगदी हळुवार हातानं, परत ठेवलं.

म्हातारी चार दुकानं पुढे गेली. तिथे तिनं टोक उलटून बघितलं आणि नातीसाठी एक लुगडं काखेत मारलं. तिथे तिनं चोळून पाहिलं नाही. खंड्या होता, मग कशाला चोळायचं? दोन धुण्यांत ते फिकं गुलाबी होणार होतं, आणि सोबतच्या चोळीला डाग पाडणार होतं. आक्का उठून उभी राहिली. तिनं हाक मारायला तोंड उघडलं. मग तिला निकाल आठवला, चाळीस घरं आठवली, आणि ती काही न बोलता खाली बसली.

तात्पर्य काढायचंच असेल तर ते असं: ज्याला पुढचा खड्डा दिसतो, त्याला प्रवासाच्या आधी बोलवा, गाडी उलटल्यावर नव्हे. आणि ज्याला खड्डा दिसतो, त्यानं बोलावण्याची वाट बघत मानपान सांभाळू नये. दोघांच्या तोऱ्याची किंमत तिसराच मोजतो.